त्याच गल्लीत दोनदा

मागच्या अंकात सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहराबद्दल मी दोन पानं लिहिली आणि त्यानंतर रोज एक-दोन पत्रं येत राहिली. गेल्या वर्षी २४ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर असे अकरा दिवस मी आणि माझ्या वहिनी तिथं राहिलो होतो. एकतीस वर्षं पुण्यातल्या शाळेत भूगोल शिकवताना मी फळ्यावर भूमध्य समुद्र कितीदा काढला असेल त्याची गणती नाही, पण त्याच्या काठाशी उभी राहिले ती साठीनंतर. त्यामुळे पालेर्मोबद्दल कुणी विचारलं की मला थांबवत नाही. या वेळचं सदर त्याच पत्रांना.

मुलगा मिलानला असतो. जानेवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत, त्यातले चार दिवस पालेर्मोसाठी ठेवलेत. मुलगा म्हणतो, फूड वॉक, वॉकिंग टूर सगळं आधीच बुक करून टाकू. मला वाटतं, हातात मोबाइल आहे, नकाशा आहे, मग वाटाड्याला पैसे कशाला मोजायचे? तुमचं प्रामाणिक मत सांगा. — निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

मोबाइल तुम्हाला गल्लीपर्यंत नेऊन सोडेल. गल्लीत समोर काय मांडलंय, ते सांगायला माणूसच लागतो. तरीही तुमची शंका रास्त आहे, कारण आमची पहिली टूर अगदीच वाया गेली. चोवीस माणसं, प्रत्येकाच्या कानात यंत्र, पुढे उंच धरलेली छत्री. तीन तासांत अकरा ठिकाणं. खाण्याच्या जागी पोचलो की कागदी बशा आधीच भरून ठेवलेल्या. वहिनी शाकाहारी आहेत हे बुकिंग करतानाच कळवलं होतं, तरी त्यांच्या बशीत चार ऑलिव्ह आणि पावाचा एक तुकडा. दुपारी खोलीवर आलो तेव्हा आपण कुठे कुठे गेलो तेही नीट आठवेना.

दोन दिवसांनी आम्ही एका स्थानिक बाईंबरोबर गेलो. आम्ही धरून सहा जण. सकाळी नऊला बाल्लारो बाजाराच्या तोंडाशी भेटलो. बाईंनी सुरुवातीला काही सांगितलंच नाही. म्हणाल्या, पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा आणि ऐका. विक्रेत्यांची आरोळी कानावर येत होती, एकाची संपायच्या आत दुसऱ्याची सुरू, लांबवलेली, जवळजवळ गाण्यासारखी. या आरोळीला तिथं ‘अब्बान्निआता’ म्हणतात. मंडईत वाढलेल्या माणसाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग त्या एका भाजीवाल्यापाशी थांबल्या. फिकट हिरव्या, सापासारख्या वळलेल्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या लांब भाज्या. हंगामाच्या शेवटच्या उरलेल्या. वहिनींनी एक हातात घेतली, नख लावून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “अहो, हा दुधी!” खरंच दुधी. तिथं त्याला ‘कुकुत्सा’ म्हणतात. उन्हाळ्यात त्याच्या कोवळ्या वेली-पाल्याच्या जुड्या विकायला येतात, त्या ‘तेनेरूमी’. टोमॅटो, लसूण आणि तोडलेली स्पॅगेटी घालून त्याचं पातळ सूप करतात, तेही ऐन उकाड्यात. साखरेत मुरवलेला दुधी त्यांच्या ‘कसाता’ या मिठाईत घालतात. ताज्या रिकोटा चीजचा, बदामाच्या हिरव्या आवरणाचा तो केक, आणि आत-वर आपल्या दुधीच्या पारदर्शक पट्ट्या. एका भाजीपाशी आम्ही वीस मिनिटं उभ्या होतो. पहिल्या टूरमध्ये तेवढ्या वेळात तीन चर्च झाली असती.

माझं खरं सांगणं यापुढेच आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्याच गल्लीत पुन्हा गेलो, या वेळी कुणाबरोबर नाही. आता आरोळी कुणाची ते ओळखू येत होतं, आणि बाईंनी न दाखवलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. एक माणूस मोठ्या परातींत सालासकट भाजलेले कांदे मांडून बसला होता, एकेक कांदा मुठीएवढा, बाहेरून काळपट, आतून मऊ. शेजारी उकडलेले बटाटे. घरी जाता जाता बायका ते घेतात आणि रात्रीच्या जेवणात वाढतात. वहिनींनी दोन कांदे घेतले. आदल्या दिवशी याच जागेवरून आम्ही गेलो होतो आणि आम्हाला तो माणूस दिसलाच नव्हता.

म्हणून वाटाड्या एकदाच घ्या, पण घ्या, आणि तोही पहिल्या दोन दिवसांतच. मग त्याच वाटेवर आपले आपण पुन्हा चाला. बुक करताना मुलाला एवढं विचारायला सांगा की गटात माणसं किती असतील (आठाच्या वर नको), सुरुवात सकाळी बाजारात होते का, आणि शाकाहारी माणसाला बदली पदार्थ नेमका कोणता मिळेल. पदार्थाचं नाव घेऊन उत्तर आलं तर ते लोक कामाचे. ‘काळजी करू नका’ एवढंच आलं तर पुढचा पाहा. बाजाराची रंगत सकाळीच असते. दुपारी अनेक दुकानं बंद होतात, हे पुणेकराला निराळं सांगायला नको.

चार दिवसांत पहिला दिवस नुसता चालण्यात घालवा. पोर्ता नुओवा या वेशीपासून समुद्राकडच्या पोर्ता फेलिचेपर्यंत एक सरळ रस्ता जातो, सुमारे दोन किलोमीटर. जुनं नाव कासारो, अरबी ‘अल-कस्र’ म्हणजे किल्ला, त्यावरून पडलेलं. निम्म्या वाटेवर क्वात्रो कान्तीचा अष्टकोनी चौक लागतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. चारही कोपऱ्यांच्या इमारतींवर खालून वर चार ऋतू, चार स्पॅनिश राजे आणि शहराच्या चार रक्षक संत स्त्रिया. दुसऱ्या दिवशी बाजार वाटाड्याबरोबर, तिसऱ्या दिवशी तोच बाजार दोघांनीच आणि मग राजवाड्यातलं कापेला पालातिना हे प्रार्थनागृह. चौथा दिवस शेजारच्या मोनरेआले गावाला द्या. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतींवर सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, आहे. मान दुखेपर्यंत वर पाहत राहाल. आणि जमलं तर मुख्य भूमीवरून आगगाडीने या. मेसिनाच्या सामुद्रधुनीवर गाडीचे डबे बोटीत चढवून पलीकडे नेतात. भूगोलाच्या बाईला यापेक्षा मोठा आनंद नाही.

आम्ही पूर्ण शाकाहारी. सासऱ्यांना अंडंही चालत नाही. इटलीत पिझ्झा-पास्त्यावर निभावतं, पण तुम्ही लिहिलेलं रस्त्यावरचं खाणं आम्हाला चालेल का? काय टाळायचं ते स्पष्ट लिहा. — गृहिणी, सहकारनगर

स्पष्टच लिहिते, कारण आमची एक मोठी चूक झाली. पालेर्मोत ‘अरांचीना’ नावाचा भाताचा गोळा मिळतो, केशराने पिवळा केलेला भात, आत सारण, बाहेरून पावाचा चुरा लावून तळलेला. आकाराने संत्र्याएवढा, म्हणून हे नाव. दोन प्रकार सगळीकडे असतात. एक खिम्याचा, आणि दुसरा ‘अल बुर्रो’. बुर्रो म्हणजे लोणी. मी शब्दकोश पाहून खात्री केली आणि वहिनींना म्हटलं, हा लोण्याचा, बिनधास्त घ्या. दुसऱ्या घासाला गुलाबी तुकडा निघाला. ‘अल बुर्रो’मध्ये पांढरं सॉस आणि चीज तर असतंच, सोबत डुकराच्या मांसाचे काप असतात. विकणाऱ्याचा काही दोष नव्हता. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, म्हणून कुणी लिहीत नाही. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत, कोपऱ्यावरच्या नळावर जाऊन चूळ भरून आल्या. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर पाळलेलं व्रत माझ्या घाईपायी मोडलं होतं.

त्यानंतर मी हॉटेलातल्या मुलीकडून वहीत वाक्यं लिहून घेतली. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा प्रोश्युत्तो’ म्हणजे मांस नको, मासे नको, हॅम नको. तिन्ही वेगवेगळं म्हणावं लागतं, कारण हॅमला बरेच जण ‘कार्ने’त धरत नाहीत. सासऱ्यांसाठी ‘सेन्झा ऊओवा’, अंडं नको. आणि सगळ्यात उपयोगी शब्द ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी. कन्नोली ही तिथली प्रसिद्ध मिठाई, कुरकुरीत नळीत गोड रिकोटा भरलेला. त्या नळीच्या पिठात पारंपरिक रीतीने स्त्रुत्तो घालतात. पावांत आणि पेस्ट्र्यांतही असू शकते. विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘स्फिंचोने’ म्हणजे जाड, मऊ पावावर टोमॅटो, भरपूर कांदा आणि चीज, दिसायला शाकाहारी, पण त्यात अँचोव्ही मासा विरघळलेला असतो. तीनचाकी आपे गाडीवर, कर्ण्यातून हाका देत विकायला येतो. आपली बारामतीत बनते तीच आपे. तिला पाहून फार ओळखीचं वाटतं, पण स्फिंचोने तुमच्यासाठी नाही. अनेक इटालियन चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरतात, तेही ज्याने त्याने आपलं ठरवावं.

आता जे चालतं ते. आणि ते चालतं एवढंच नाही, फार चांगलं आहे.

पनेल्ले. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, थोडी पार्सली. पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर घाटत राहायचं, भांड्याच्या कडा सोडायला लागलं की पातळ थापायचं, गार झाल्यावर कापून तळायचं. तुम्ही वाचतानाच म्हणाल, ही तर पाटवडी. आम्हीही तेच म्हणालो. बाल्लारोत एका गाड्यापाशी मी अर्धा तास पाहत उभी होते. माणसाने उकळतं घट्ट पीठ घेतलं आणि रुंद पात्याच्या सुरीने एका हातात धरलेल्या बशीच्या पाठीवर फासलं, दोन फटकाऱ्यांत, सगळीकडे एकसारखी जाडी. बशी बाजूला, पुढची बशी. तीस-चाळीस बशांची चवड झाली तेव्हा पहिल्या बशीवरचं पीठ गार होऊन आपोआप सुटायला लागलं होतं. ते सोलून काढायचं, चौकोन पाडायचे, तेलात सोडायचे. आमच्या आजी केळीच्या पानावर थापत. फुगून कडा सोनेरी झालेले चार चौकोन तिळाच्या मऊ पावात ठेवून वर लिंबू पिळून हातात देतात. चटणी नाही, तिखट नाही. पहिला घास सपक वाटेल. तिसऱ्या घासाला हरभऱ्याची स्वतःची चव कळायला लागते, आणि आपण ती एरवी किती मसाल्याखाली झाकतो तेही. पाव स्त्रुत्तोचा नाही ना आणि कढईत मासे तळत नाहीत ना, एवढं आधी विचारा.

पनेल्लेबरोबर बटाट्याचे ‘क्रोके’ मिळतात, पुदिना किंवा पार्सली घातलेले. ‘कापोनाता’ म्हणजे तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या), व्हिनेगर आणि साखर. आंबटगोड, आणि गरम नाही तर निवालेलीच खायची. आदल्या दिवशीची जास्त चांगली लागते. लिंबाचा किंवा बदामाचा ग्रानिता, म्हणजे गोड रवाळ बर्फ. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर ‘जेलो दि मेल्लोने’, कलिंगडाचा रस मक्याच्या पिठाने घट्ट करून जाईच्या फुलांचा वास दिलेला. त्यात जिलेटिन नसतं. आणि भाजलेले कांदे आहेतच.

मांसाहारी मंडळींसाठी एकच ओळ. प्लीहेचे काप भरलेल्या पावाला तिथं दोन नावं आहेत, नुसतं लिंबू पिळलेला तो ‘स्केत्तू’ म्हणजे ब्रह्मचारी, आणि रिकोटा-चीज घातलेला तो ‘मारितातू’ म्हणजे लग्न झालेला.

मुलगी सव्वीस वर्षांची, एकटी जायचं म्हणते. पालेर्मो म्हटलं की माफिया आठवतो आणि पोटात गोळा येतो. जाऊ द्यावं का? — एक आई, चिंचवड

जाऊ द्या. तुमची भीती मला समजते, मीही तीच घेऊन गेले होते. १९९२ साली २३ मे रोजी माफियाविरुद्ध लढणारे न्यायाधीश जोवान्नी फाल्कोने यांना पालेर्मोजवळ महामार्गावर स्फोटात मारलं, आणि दोन महिन्यांच्या आत, १९ जुलैला, त्यांचे सहकारी पाओलो बोर्सेल्लिनो यांना. शहराच्या विमानतळाला आज या दोघांची नावं आहेत. मुलगी विमानाने उतरेल ती त्यांच्या नावावरच.

२००४ साली तिथल्या काही तरुणांनी ‘अद्दीओपित्सो’ ही चळवळ सुरू केली. पित्सो म्हणजे दुकानदारांकडून उकळली जाणारी खंडणी. ती न देणाऱ्या दुकानांच्या दारावर चळवळीची पट्टी असते. आम्ही खाण्याची दुकानं निवडताना ती शोधायचो. हे लोक शहराच्या पायी फेऱ्याही काढतात. मुलीला त्यातली एक घ्यायला सांगा. आणि माफियाची चित्रं असलेले टी-शर्ट, चुंबकं विकायला असतात ते तिने घेऊ नयेत, अशी माझी विनंती. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या डोळ्यांसमोर ते लटकत असतं.

पर्यटकाला खरा त्रास खिसेकापूंचा आणि अंगावर येणाऱ्या स्कूटरचा. पर्स पुढे घ्यावी. वुचिरिया हा एकेकाळचा मोठा बाजार आता रात्री तरुणांच्या खाण्यापिण्याने भरतो. तिथं गटाने जावं, एकटीने उशिरा नको. एवढी काळजी ती पुण्यातही घेतच असेल.

मी इतिहासाचा विद्यार्थी. सिसिलीवर अरबांचं राज्य होतं असं वाचलं. आज पालेर्मोत फिरताना ते कुठे दिसतं? इमारती किती उरल्या आहेत? — सदाशिव पेठ

इमारतींत शोधशील तर फसशील. अरबांनी पालेर्मो ८३१ साली घेतलं, उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी त्यांच्याकडून १०७२ साली. अरब काळातल्या वास्तू जवळजवळ उरल्या नाहीत. पण नॉर्मन राजांनी अरब कारागीर, अरब कारकून, अरब विद्वान तसेच ठेवले, त्यामुळे ठसा दिसतो तो पुढच्या राज्यात. ११३० साली राज्याभिषेक झालेल्या दुसऱ्या रॉजरचं राजवाड्यातलं प्रार्थनागृह, कापेला पालातिना, आवर्जून पाहा. भिंतींवर ग्रीक पद्धतीचे सोनेरी मोझेक, आणि वर लाकडी छत, मधाच्या पोळ्यासारख्या कोनाड्यांचं, अरब चित्रकारांनी रंगवलेलं. त्यात वादक आहेत, बुद्धिबळ खेळणारे आहेत, कुफी वळणाची अरबी अक्षरं आहेत. खाली ख्रिस्त, वर हे. राजवाड्यात ११४२ सालचा, पाणघड्याळाबद्दलचा एक शिलालेख आहे, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. कॅथेड्रलच्या दक्षिण दरवाजापाशी एका खांबावर कुराणातलं वचन कोरलेलं आहे. भाविक रोज त्याच्याजवळून आत जातात. अरब-नॉर्मन काळातल्या या वास्तूंना २०१५ साली जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

पण खरा ठसा ताटात आणि शब्दांत आहे, आणि इथं तुझ्या-माझ्या कामाची गोष्ट सुरू होते. लिंबू, कडू संत्रं, ऊस, वांगी ही पिकं अरबांच्या काळात सिसिलीत रुजली. त्यातल्या कित्येकांची मुळं आपल्या बाजूची. संस्कृत ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, इटालियन ‘अरांचा’, आणि त्या संत्र्यावरून भाताच्या गोळ्याचं नाव ‘अरांचीना’. ‘शर्करा’ची अरबीत ‘सुक्कर’ झाली, इटालियनमध्ये ‘झुक्केरो’. तिळाला सिसिलीत ‘जुजुलेना’ म्हणतात, तोही अरबी शब्द. पनेल्लेच्या पावावरचे तीळ मोजताना मला हे आठवत राहायचं.

रॉजरच्या दरबारात अल-इद्रिसी हा भूगोलज्ञ होता. त्याने ११५४ साली राजासाठी जगाचा नकाशा आणि ग्रंथ पूर्ण केला. त्या नकाशात दक्षिण वर आहे. वर्गात मी तो उलटा टांगून मुलांना कोड्यात टाकत असे. त्याच ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचं वर्णन आहे. तिथं पिठाच्या वाळवलेल्या शेवया करतात, त्यांना ‘इत्रिया’ म्हणतात, आणि जहाजं भरभरून त्या मुस्लिम आणि ख्रिस्ती देशांत पाठवतात. पास्त्याबद्दल वाद घालणाऱ्या कुणालाही हे वाक्य दाखव.

आणखी एक. बाल्लारो हे बाजाराचं नाव जवळच्या बल्हारा नावाच्या गावावरून आलं असं मानतात. अरब लेखक मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजांना ‘बल्हारा’ म्हणत, म्हणजे आपला ‘वल्लभराज’. हे कळलं तेव्हा मी बाजारात उभ्या उभ्या थबकले. उच्चार जुळला म्हणून नातं जोडायची घाई करू नकोस, पण वहीत टिपून ठेव.

गुडघ्यांचं दुखणं आहे. चालण्याच्या सहली झेपतील का? — सातारा रस्ता

जुनं शहर सपाट आहे, हे मोठं सुख. फरसबंदी मात्र गुळगुळीत दगडाची, पाऊस पडला की निसरडी. बाजारांत ती कायमची ओली असते. ‘वुचिरियाचे दगड वाळतील तेव्हा’ अशी तिथं म्हणच आहे, कधीच न होणाऱ्या गोष्टीसाठी. रबरी तळाचे बूट घाला. कॅथेड्रलच्या गच्चीवर जायचे जिने अरुंद आणि चढे आहेत, ते सोडा. दुपारी पियाझा मरीनाच्या बागेत बसा. तिथं एक प्रचंड फायकस आहे, मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, पारंब्या थेट जमिनीत गेलेल्या, खोडं झालेल्या. वहिनींनी त्याला वड समजून हात जोडले. तासभर तरी त्याच्या सावलीत बसलो असू.

मुलं लहान आहेत, फक्त दिवाळीच्या सुटीत जमतं. त्या वेळी काही खास असतं का? — वारजे

दिवाळी उशिरा असेल तर २ नोव्हेंबर साधा. त्या दिवशी मृतांचं स्मरण करतात, आणि पालेर्मोत अशी समजूत आहे की घरातले गेलेले आजी-आजोबा रात्री येऊन मुलांसाठी खाऊ ठेवून जातात. दुकानं ‘फ्रुत्ता मार्तोराना’ने भरतात, बदामाच्या गोळ्याची फळं, अंजीर, संत्री, अगदी डाग पडलेली नाशपातीसुद्धा हुबेहूब रंगवलेली. मार्तोराना मठातल्या जोगिणींनी ती सुरू केली म्हणून हे नाव. आणि साखरेच्या रंगीत बाहुल्या, आपल्या पाडव्याच्या गाठी करतात तशाच साच्यात ओतून केलेल्या. आमच्या घरमालकिणीने सकाळी दाराशी दोन बदामी अंजिरं ठेवली होती. वहिनींचे वडील त्याच वर्षी गेले होते. त्यांनी ते अंजीर खाल्लं नाही, रुमालात बांधून पुण्याला आणलं.

मुलीच्या जर्मन मैत्रिणी घरी येणार आहेत. तुम्ही पालेर्मो पाहिलंत तसं त्यांना पुणं दाखवायचं आहे. कुठून सुरू करू? — कर्वेनगर

महात्मा फुले मंडईतून, सकाळी आठला. १८८६ साली उघडली तेव्हा तिचं नाव गव्हर्नर रे यांच्यावरून ठेवलं होतं. नगरपालिकेचा एवढा पैसा तिच्यावर घालायला जोतीराव फुल्यांचा विरोध होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुलींना हे मंडईत उभं करूनच सांगा. मधल्या मनोऱ्याखाली पाच मिनिटं नुसतं उभं करा. मग गाळ्यांवर एकच गोष्ट निवडा. थंडीत येणार असतील तर ओला हरभरा. घाटा सोलायला द्या, कच्चा दाणा खायला द्या. तिथून बाहेर पडून फुटाणे घ्या. मग तुळशीबागेतून घरी आणा आणि दुपारी पिठलं-भाकरी वाढा. एकाच दाण्याच्या तीन अवस्था झाल्या. शनिवारवाडा दुसऱ्या दिवशी. आणि तिसऱ्या दिवशी त्यांना नकाशा देऊन मंडईत एकट्या पाठवा. तुम्ही जाऊ नका.

पनेल्लेचं प्रमाण द्याल का? — बऱ्याच जणी

एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी. तिथलं पीठ काबुली हरभऱ्याचं असतं, आपलं बेसन लवकर आळतं, म्हणून शेवटी अर्धी वाटी पाणी हाताशी ठेवा. पीठ गार पाण्यातच कालवा, गुठळी राहू देऊ नका, मीठ घाला आणि मध्यम आचेवर एकाच दिशेने घाटत राहा. उलथनं उभं राहायला लागलं की मूठभर चिरलेली कोथिंबीर घाला. पार्सली मंडईत मिळते, पण मला कोथिंबिरीचीच आवडली. स्टीलच्या ताटल्या उपड्या घालून त्यांच्या पाठीवर तेल न लावता फासा, पाव इंचाहून पातळ. पूर्ण गार झाल्याशिवाय सोडवायला जाऊ नका. मी पहिल्या वेळी गेले आणि दोन ताटल्यांचा चुरा झाला, त्याचं आम्ही पिठलं केलं. कडकडीत तेलात दोन-तीनच सोडा. पाव कोणताही मऊ चालेल, आणि लिंबू खाणाऱ्याने आपल्या हाताने, अगदी तोंडाशी नेताना पिळायचं.